सेटवरची खुर्ची: फ्रान्सेस मॅरियनचं प्रकरण

आपल्याकडे मालिका-सिनेमाच्या धंद्यात लेखकाला सहसा सेटवर बोलावत नाहीत. एपिसोड पाठवला की त्याचं काम संपलं. त्यातलं काय राहिलं आणि काय गेलं, हे त्याला घरी टीव्हीसमोर बसल्यावर कळतं. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती सिनेमाबरोबरच जन्माला आली असावी असं वाटतं. पण हॉलिवूडच्या सुरुवातीच्या वर्षांत लेखक कॅमेऱ्याशेजारी उभा असायचा आणि पुष्कळदा तो लेखक बाई असायची. तिथून त्याला कधी आणि कसं हलवलं गेलं, हे एका बाईच्या कारकिर्दीत जवळजवळ वर्षागणिक बघता येतं. म्हणून हे प्रकरण मांडतो आहे.

बाईचं नाव फ्रान्सेस मॅरियन. जन्म १८ नोव्हेंबर १८८८, सॅन फ्रान्सिस्को. शंभराहून अधिक चित्रपट तिच्या लेखणीतून उतरले. लेखनाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली स्त्री, आणि ते दोनदा मिळवणारी पहिली व्यक्ती, पुरुष धरून. तरीही पन्नाशीच्या आत तिच्या हातून पटकथालेखन जवळजवळ सुटलं. तिचे चित्रपट पडले नव्हते, तिचं लेखन मंदावलं नव्हतं. मग झालं काय?

तिचं मूळ नाव मॅरियन बेन्सन ओवेन्स. ती ज्या कलाशाळेत चित्रकला शिकत होती, ती इमारत १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली. पुढे छायाचित्रकाराकडे मदतनीस, वर्तमानपत्रात काही काळ काम, मग १९१२ च्या सुमारास लॉस एंजेलिसला येऊन नाटक कंपनीची पोस्टरं रंगवणं, असं मिळेल ते ती करत गेली. १९१४ मध्ये तिला लोइस वेबरने हाताशी घेतलं. वेबर स्वतः लिहायची, दिग्दर्शन करायची, अभिनय करायची, आणि तिच्या हाताखाली आलेल्या माणसालाही सगळंच करावं लागायचं. मॅरियनने तिथे पडदे रंगवले, फिल्म जोडली, गर्दीत उभी राहिली. 'फ्रान्सेस मॅरियन' हे नावही तिला त्याच स्टुडिओत मिळालं.

तिथली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूकपटात आवाज नव्हता, पण बहिरे प्रेक्षक ओठ वाचायचे. गर्दीतले एक्स्ट्रा कलाकार दृश्यात भलतंसलतं बोलतात, अशा तक्रारी त्यांच्याकडून आल्या. तेव्हा त्या एक्स्ट्रांनी ओठ हलवताना काय म्हणायचं, ते मॅरियनने लिहून द्यायचं ठरलं. म्हणजे ज्या वाक्यांचा एक शब्दही ऐकू येणार नव्हता, ती वाक्यं लिहून या बाईची लेखिका म्हणून सुरुवात झाली. आणि ती लिहिण्यासाठी तिला दृश्य चालू असताना तिथे हजर राहावं लागत होतं.

आजच्या वाचकाला प्रश्न पडेल की त्या काळात हे काम बायकांना मिळालं कसं. जून मॅथिस, अनिता लूस, जीनी मॅकफर्सन, बेस मेरेडिथ अशी किती तरी नावं आहेत. जून मॅथिसच्या शब्दावर तर स्टुडिओने रुडॉल्फ व्हॅलेंटिनो या नटाला १९२१ च्या एका चित्रपटात मोठी भूमिका दिली. याचं साधं कारण असं, की सिनेमा अजून प्रतिष्ठेचा धंदा नव्हता. नाटकवाले त्याकडे नाक मुरडत होते. कामाच्या चौकटी ठरलेल्या नव्हत्या, स्टुडिओ टपालाने आलेल्या कथासुद्धा विकत घेत होते. ज्या घराला अजून दरवाजेच बसवले नव्हते, तिथे आत शिरायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

फुकटचे दोन आठवडे

मॅरियनने त्या काळची मोठी नटी मेरी पिकफर्डसाठी 'द फाउंडलिंग' हा चित्रपट लिहिला. सप्टेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओला आग लागली आणि त्याची निगेटिव्ह जळाली. चित्रपट पुढे नव्याने काढला गेला, पण लेखिका म्हणून नाव होण्याची तिची पहिली संधी त्या वेळी तरी राख झाली.

ती खचली नाही. न्यू जर्सीत फोर्ट ली इथे वर्ल्ड फिल्म कंपनीचे प्रमुख विल्यम ब्रॅडी यांना तिने सांगितलं, दोन आठवडे फुकट काम करते, पसंत पडलं तर ठेवा. तिने कंपनीचे न चालणारे, पडून राहिलेले चित्रपट बघायला मागितले. त्यात ब्रॅडींच्या मुलीचा, ॲलिसचा, एक गंभीर चित्रपट होता. तो बघवत नव्हता. मॅरियनने त्याला नवी सुरुवात आणि नवा शेवट लिहून दिला. मधला भाग जवळजवळ तसाच ठेवून सगळ्या प्रकाराचा विनोद करून टाकला. तो डबाबंद चित्रपट विकला गेला आणि कंपनीला ९,००० डॉलर सुटले. तिला आठवड्याला २०० डॉलरवर ठेवून घेतलं गेलं.

पटकथा शिकणाऱ्या कुणालाही मी हे उदाहरण आधी सांगेन. तिने एक नवी गोष्ट रचली नाही. प्रेक्षकाने पुढचं सगळं कुठल्या नजरेने बघायचं, ते पहिल्या काही मिनिटांत ठरतं, हे तिला कळलं होतं. हे कळायला संकलनाच्या टेबलाशी बसलेलं असावं लागतं. वेबरच्या हाताखाली ती बसली होती.

चिखल

१९१७ चा 'द पुअर लिटल रिच गर्ल' हा या प्रकरणाचा कणा आहे. मूळ नाटक एलिनॉर गेट्सचं. श्रीमंत घरातल्या एकाकी मुलीची गोष्ट. मेरी पिकफर्ड तेव्हा २४ वर्षांची होती आणि तिला अकरा वर्षांची मुलगी साकारायची होती. ती लहान दिसावी म्हणून सेटवरचं सामान मुद्दाम मोठं केलेलं. दिग्दर्शक मॉरिस टूर्नर फ्रान्सहून आलेला, चित्रासारखी फ्रेम लावणारा, शिस्तीचा माणूस.

मॅरियन आणि पिकफर्ड दोघी सेटवर बसून नाटकात नसलेले प्रसंग घालत राहिल्या. त्यातला गाजलेला प्रसंग चिखलफेकीचा. घरात जपून ठेवलेली ही मुलगी बाहेरच्या पोरांशी भिडते, आणि अंगावरच्या उंची कपड्यांसकट चिखलात लोळते. टूर्नरने हरकत घेतली, की हे नाटकात नाही, पटकथेत नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. पण तो प्रसंग लिहिणारी बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, आणि मुख्य नटी तिच्या बाजूची होती. प्रसंग चित्रित झाला.

स्टुडिओच्या बड्या लोकांना चित्रपट दाखवला तेव्हा कुणी हसलं नाही. सगळे गप्प. दोघींना वाटलं, आपण पिकफर्डची कारकीर्द बुडवली. पिकफर्डला पुढच्या चित्रपटांसाठी दिग्दर्शक सेसिल डीमिलच्या हाताखाली पाठवण्यात आलं आणि आपण ढवळाढवळ करणार नाही, असं तिला कबूल करावं लागलं. मग मार्च १९१७ मध्ये चित्रपट थिएटरला लागला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. मॅरियनला वर्षाला ५०,००० डॉलरचा करार मिळाला.

इथे थांबून नीट बघायला हवं. चिखलाचा प्रसंग चांगला होता, हे खरंच. पण तो पडद्यावर पोचला तो गुणवत्तेवर नव्हे. लेखिका तिथे हजर होती, नटीच्या शब्दाला वजन होतं, आणि दोघींची मैत्री पक्की होती, म्हणून तो पोचला. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी टूर्नरची हरकत शेवटची ठरली असती.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी दोघींनी मिळून 'रिबेका ऑफ सनीब्रुक फार्म', 'अ लिटल प्रिन्सेस', 'स्टेला मॅरिस' असे एकामागून एक चित्रपट केले. 'स्टेला मॅरिस'मध्ये पिकफर्डने दोन भूमिका केल्या. त्यातली एक कुरूप, पिचलेल्या अनाथ मुलीची. 'अमेरिकेची लाडकी' म्हणून जिचा चेहरा विकला जात होता, तिला असं दाखवायचं, याला धाडस लागतं, आणि ते धाडस त्या दोघींमध्ये मिळून होतं.

पुढची दहा वर्षं मी भरभर ओलांडतो. १९१८ मध्ये ती युद्धवार्ताहर म्हणून युरोपला गेली, बायकांचं युद्धातलं काम टिपायला. १९१९ मध्ये फ्रेड थॉमसन या खेळाडू-धर्मोपदेशकाशी लग्न केलं. १९२१ मध्ये पिकफर्डला घेऊन 'द लव्ह लाइट' दिग्दर्शित केला, पण दिग्दर्शनात ती रमली नाही. थॉमसन पुढे काउबॉय चित्रपटांचा नायक झाला, आणि त्याचे चित्रपट ती 'फ्रँक एम. क्लिफ्टन' या पुरुषी नावाने लिहीत राहिली. 'स्टेला डॅलस', 'द स्कार्लेट लेटर', 'द विंड' हे याच काळातले. १९२८ च्या नाताळच्या दिवशी थॉमसन धनुर्वाताने गेला. दोन लहान मुलगे पदरात होते. ती कामाला लागली.

बोलपट तिला कसा मानवला

मूकपटातल्या लेखिका बोलपट आल्यामुळे मागे पडल्या, असं सरधोपटपणे म्हटलं जातं. न्यूयॉर्कहून नाटककार आणि पत्रकार आले, त्यांना संवाद लिहिता येत होते, बायकांना येत नव्हते, असा त्याचा अर्थ. मॅरियनच्या बाबतीत हे साफ चूक आहे. बोलपटातच तिने सर्वात मोठं काम केलं. ग्रेटा गार्बो पडद्यावर पहिल्यांदा बोलली तो १९३० चा 'ॲना ख्रिस्टी' तिनेच पडद्यासाठी लिहिला होता.

त्याच वर्षीचा 'द बिग हाऊस'. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या अनेक तुरुंगांत दंगली झाल्या होत्या. एम.जी.एम. या मोठ्या स्टुडिओला तुरुंगावर चित्रपट हवा होता. मॅरियन सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेली. कैदी कसे बोलतात, कसे रांगेत चालतात, कोंबून भरलेल्या कोठडीत नवखा पोरगा आला की काय होतं, हे तिने तिथे टिपलं. बाईमाणसाने तुरुंगात जाऊन शिव्या ऐकायच्या, तेही १९२९-३० मध्ये! पण तिची रीतच ती होती. गोष्ट जिथे घडते तिथे आधी जाऊन उभं राहायचं. चित्रपटात माणसांपेक्षा आधी पावलांचा आवाज लक्षात राहतो, शेकडो बुटांचा. त्या चित्रपटासाठी तिला पहिलं ऑस्कर मिळालं.

मात्र याच चित्रपटात दुसरीही एक गोष्ट घडली. एक कैदी दुसऱ्या कैद्याच्या बायकोच्या प्रेमात पडतो, असं मूळ कथेत होतं. प्रीव्ह्यूला प्रेक्षकांना ते रुचलं नाही. निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्गने त्या बायकोच्या जागी त्या कैद्याची बहीण आणली आणि काही भाग पुन्हा चित्रित करून घेतला. व्यवहाराने तो निर्णय बरोबर ठरला असेल. पण कोण कुणाची कोण, हे आता प्रीव्ह्यूनंतर निर्मात्याच्या खोलीत ठरत होतं.

'मिन अँड बिल' आणि लोर्ना मून

ही हकीकत मला सर्वात जवळची वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

मारी ड्रेसलर ही एके काळची मोठी विनोदी नटी. १९१४ मध्ये चॅप्लिनबरोबर तिचा चित्रपट गाजला होता. १९२० नंतर तिला काम मिळेना. वय साठीकडे, अंग सुटलेलं, चेहरा रांगडा. मॅरियन तिला जुनी ओळखत होती. १९११ च्या आसपास वर्तमानपत्रात उमेदवारी करत असताना तिला ड्रेसलरची मुलाखत आणायला पाठवलं होतं. ड्रेसलरला त्या वर्तमानपत्राशी बोलायचं नव्हतं, पण रिकाम्या हाताने गेली तर या पोरीची नोकरी जाईल, एवढ्यासाठी ती बोलली. मॅरियनने ते लक्षात ठेवलं. १९२७ मध्ये तिच्यासाठी मुद्दाम चित्रपट लिहिला. आयरिश लोकांनी त्यावर गदारोळ केला आणि तो मागे घ्यावा लागला. तिने हार मानली नाही. 'ॲना ख्रिस्टी'त तिला भूमिका मिळवून दिली.

याच सुमारास लोर्ना मून ही स्कॉटलंडहून आलेली पटकथालेखिका क्षयाने अंथरुणाला खिळली होती. तिची 'डार्क स्टार' ही कादंबरी १९२९ मध्ये आली होती. उपचाराला पैसे हवे होते. मॅरियनने थालबर्गला गळ घातली की ही कादंबरी घ्या. ईशान्य स्कॉटलंडमधली ही उदास गोष्ट एम.जी.एम. कशाला घेईल? म्हणून तिने कादंबरीतलं फारसं काही सांगितलंच नाही. ड्रेसलर आणि नट वॉलेस बीरी यांच्यासाठी एक वेगळीच गोष्ट सांगितली. कादंबरी विकली गेली. लोर्ना मून चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच, मे १९३० मध्ये गेली.

'मिन अँड बिल' त्याच वर्षाच्या अखेरीस आला. पटकथेत मॅरियनबरोबर मॅरियन जॅक्सन ही दुसरी लेखिका होती. कॅलिफोर्नियातल्या बंदरावर खाणावळ चालवणारी मिन, टाकून दिलेल्या मुलीला वाढवते. तोंडाने सतत डाफरते, जीव मात्र तिच्यावर. मुलीची खरी आई परत येते, तिचं लग्न मोडू पाहते, आणि मिनच्या हातून तिचा खून होतो. शेवटी नवरा-नवरी बोटीत बसून निघालेली आहेत. गर्दीत उभी मिन ते बघते आहे, आणि पोलीस तिच्या दिशेने येत आहेत. पोलिसांचा हात खांद्यावर पडतो तेव्हाही ती बोटीकडेच बघते, आणि तिच्या त्या सुरकुतलेल्या, बेढब चेहऱ्यावर समाधान असतं. मुलीला काहीच माहीत नाही. तिला कधी कळणारही नाही.

ड्रेसलरला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, वयाच्या ६३ व्या वर्षी. थिएटरमालकांच्या कौलात १९३२ आणि १९३३ मध्ये अमेरिकेतली सर्वात चालणारी तारका ठरली ती हीच म्हातारी. तरुण सुंदर चेहऱ्यांवर चालणाऱ्या शहरात हे घडवून आणलं एका लेखिकेने, एकाच कागदात दोन मैत्रिणींची सोय लावून.

या घटनेला दुसरी बाजूही आहे आणि ती मला लपवायची नाही. एका आजारी लेखिकेचे पैसे तिला मिळाले, पण तिची कादंबरी पडद्यावर उरली नाही. मॅरियनने चांगल्या हेतूने केलं तेच स्टुडिओ रोज निर्विकारपणे करत होता. लेखकाकडून नाव आणि हक्क विकत घ्यायचे आणि गोष्ट आपली लावायची.

बोळातल्या खोल्या

'द चॅम्प' या बापलेकाच्या गोष्टीसाठी तिला दुसरं ऑस्कर मिळालं. तो समारंभ १८ नोव्हेंबर १९३२ ला झाला, तिच्या ४४ व्या वाढदिवशी. पुरस्कार 'मूळ कथे'चा होता. आपल्या श्रेयनामावलीत जसे कथा, पटकथा, संवाद असे तीन रकाने असतात, तसे तिथेही काम तुकड्यातुकड्यात वाटलं जाऊ लागलं होतं. 'चॅम्प'ची संवादरचना लेनर्ड प्रास्किन्सच्या नावावर आहे.

एम.जी.एम.मध्ये थालबर्गची पद्धत अशी होती की एकाच पटकथेवर दोन-तीन लेखक बसवायचे, कधी कधी एकमेकांना पत्ता न लागू देता. कुणाचं नाव पडद्यावर लावायचं ते स्टुडिओ ठरवणार. थालबर्ग मॅरियनला मानत होता, तिचा सल्ला घेत होता. पण पद्धत पद्धतच होती. सेटवर लेखकाचं काम उरलं नाही, त्याला लेखकांच्या बोळात एक खोली मिळाली. पटकथा लिहिणं म्हणजे वारा सुटलेला असताना वाळूवर लिहिण्यासारखं आहे, असं मॅरियनने म्हटलं, ते या काळाला तंतोतंत लागू पडतं.

मार्च १९३३ मध्ये मंदीचं कारण देऊन स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी मोठे पगार निम्मे केले. त्याच वसंतात पटकथालेखकांची संघटना नव्याने उभी राहिली. जॉन हॉवर्ड लॉसन अध्यक्ष, फ्रान्सेस मॅरियन उपाध्यक्ष. तिला स्वतःसाठी संघटनेची गरज नव्हती. तिचा पगार सर्वात वरच्या फळीतला होता, निर्मात्याच्या दारावर ती कधीही टकटक करू शकत होती. तरी ती उभी राहिली, आणि माझ्या मते याचं कारण बंदरावरच्या त्या चित्रपटाइतकंच सरळ आहे. श्रेय आणि हक्क ठरवण्यात लेखकाला तोंड असावं, असं तिला वाटत होतं. मालकांनी संघटनेला जोरदार विरोध केला. १९३६ मध्ये स्टुडिओंच्या पाठिंब्याने समांतर संघटना निघाली. मूळ संघटनेने १९३८ मध्ये सरकारी देखरेखीखालचं मतदान जिंकलं, पण स्टुडिओंशी पहिला करार व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर मॅरियनची चांगली वर्षं मागे पडली होती.

सप्टेंबर १९३६ मध्ये थालबर्ग गेला. ड्रेसलर त्याआधीच, १९३४ मध्ये गेली होती. पिकफर्डने पडदा सोडला होता. ज्यांच्या शब्दावर मॅरियनचे प्रसंग पडद्यावर पोचायचे, ती माणसंच राहिली नव्हती. 'कॅमिल' या चित्रपटावर तिच्याबरोबर झोई ॲकिन्स आणि जेम्स हिल्टन यांचीही नावं आहेत. १९४० नंतर तिचं नाव पटकथालेखिका म्हणून पडद्यावर दिसेनासं झालं, तरी १९४६ पर्यंत ती एम.जी.एम.मध्ये होती, दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करत. त्या दुरुस्त्यांवर नाव येत नसे.

ती शिल्पकलेकडे वळली. माती हातात घेऊन बसायची. कादंबऱ्या लिहिल्या, १९७२ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं, १२ मे १९७३ ला लॉस एंजेलिसमध्ये वारली.

त्या कादंबऱ्यांपैकी एक १९३७ ची, मारी ड्रेसलरवर बेतलेली, मैत्रिणीच्या आठवणीत लिहिलेली. १९४५ मध्ये त्या कादंबरीवर दुसऱ्या एका स्टुडिओने 'मॉली अँड मी' हा चित्रपट काढला. 'मूळ कादंबरी: फ्रान्सेस मॅरियन' अशी पाटी पडद्यावर आली. पटकथा लेनर्ड प्रास्किन्सची होती, तेरा-चौदा वर्षांपूर्वी तिच्या 'चॅम्प'ची संवादरचना करणाऱ्या गृहस्थांची.